टाकीपासून दोन वीत

"आखो एक चहा दे, वना," छगन म्हणाला आणि टपरीच्या बाकावर आणखी ऐसपैस बसला.

हा तिसरा चहा होता. पहिला तलफ आली म्हणून झाला, दुसरा ऊन चढलं म्हणून, आणि तिसऱ्याला त्याला काही निमित्त सापडत नव्हतं. खरं निमित्त रस्त्याच्या पलीकडे होतं. मोहनशेठच्या घराला निंबानं शिडी लावली होती. शिडीसुद्धा कशी, तर ॲल्युमिनियमची, घडीची, एका हातानं उचलावी अशी. छगनची बांबूची शिडी उचलायला अजून दोन माणसं लागत.

वनानं चहा गाळता गाळता समोर पाहिलं. "काय छगनभाऊ, तुनी भिंतले आज निंबानी शिडी लागनी."

"लागू दे. भिंत काय मना बापनी शे?"

बोलायला हे ठीक होतं. पण ती भिंत छगनची, हे पिंप्राळ्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. सव्वीस-सत्तावीस वर्षं त्या घरात वायर म्हणून जे काही गेलं ते छगनच्या हातून गेलं. आधी गच्चीवरच्या अँटेनाची चपटी वायर, मग केबल टीव्हीची काळी जाड, मग फोनची, मग इन्व्हर्टरची. मोहनशेठची बायको चंदनबाई, जिला सगळी गल्ली भाभी म्हणते, ती आल्यागेल्याला सांगायची, "आमच्या भिंतीला छगनभाऊंशिवाय कोणी हात लावायचा नाही." हे वाक्य छगननं घरी इतक्या वेळा ऐकवलं होतं की त्याच्या बायकोला ते भाभींच्या आवाजासकट पाठ झालं होतं.

आणि आज त्या भिंतीला निंबा हात लावत होता.

निंबानं शिडीवर चढून पेचकसच्या मुठीनं भिंतीवर तीनदा ठोकलं आणि हात खाली घेऊन थांबला. खाली अंगणात खुर्ची टाकून बसलेल्या चंदनभाभींनी डोळे मिटले आणि जपमाळ ओढायला सुरुवात केली. हा त्या घरचा रिवाज. जैनांचं घर. भिंतीत भोक पाडायचं तर आधी ठोकून सांगायचं, म्हणजे आत मुंगी, किडा, जे कोणी राहत असेल त्याला निघून जायला अवधी मिळतो. भाभींची एक माळ पुरी होईपर्यंत ड्रिल लावायचं नाही. सुरुवातीला छगनला याचं हसू यायचं. मग सवय झाली, आणि पुढं तर इतकी झाली की ज्या घरात चुलीवर मटण रटरटतंय त्या घरीसुद्धा तो भिंतीवर तीनदा ठोकून पाच मिनिटं उभा राहायचा. लोक विचारायचे, काय ऐकतोयस रे बाबा.

आज ती माळ निंबासाठी चालली होती. छगनला ते सहन झालं नाही. गिऱ्हाईक गेलं, शिडी गेली, इथपर्यंत ठीक. पण माळसुद्धा?

छगन आणि निंबा दोघं भडगावकडचे, गिरणेकाठच्या एकाच गावचे. एकाच सायकलवर वायरचं भेंडोळं अडकवून दोघं जळगावात कामाला लागले. बरीच वर्षं एकत्र राबले. छगन दोन वर्षांनी मोठा, बोलका, गिऱ्हाइकाशी बोलणं त्याच्याकडे. निंबा मुका नव्हे, पण विचारल्याशिवाय बोलायचा नाही. तो डावखुरा होता. त्यामुळे त्याची प्रत्येक गाठ उलटी बसायची. वायर खांबाला बांधायची तर फास उलटा, दोरी आवळायची तर पीळ उलटा. दुसऱ्यानं सोडायला घेतली तर नखं तुटायची पण गाठ सुटायची नाही. छगननं यावर त्याची आयुष्यभर टर उडवली.

मग सातेक वर्षांपूर्वी काचेच्या वायरी आल्या. फायबर. निंबा छगनकडे आला आणि म्हणाला, नाशिकला आठ दिवसांचं शिकवतात, दोघं जाऊ. छगन हसला होता. काचेची वायर, ती काय टिकणार? एका माकडानं उडी मारली की खेळ खलास. निंबा एकटाच गेला. सत्तेचाळिसाव्या वर्षी पोरांच्या रांगेत बसून शिकून आला. आता त्याच्याकडे केसाएवढ्या दोन काचा जोडणारं मशीन होतं, कंपनीचं नाव छापलेला निळा टी-शर्ट होता, आणि अर्ध्या पिंप्राळ्यात त्याच्या वायरी होत्या. छगनकडे कूलरचे पंप, पंखे आणि गणपतीतली रोषणाई उरली होती.

छगनला निंबाचा हेवा वाटायचा. साधासुधा नाही, चांगला पोटात आग पडेल असा. त्याच्या मशीनचा, टी-शर्टचा, गाडीला मागं बसवलेल्या पेटीचा. लोक त्याला "निंबाभाऊ, चहा घेऊन जा" म्हणतात त्याचा. फार काय, चोपन्नाव्या वर्षी निंबाच्या डोक्यावर केस शाबूत होते, त्याचासुद्धा. रस्त्यानं चालताना माणसं समोर पाहतात. छगन वर पाहत चालायचा, आणि जिथं आपली जुनी काळी वायर काढून निंबाची बारीक वायर लागलेली दिसेल तिथं मनातल्या मनात एक शिवी हासडायचा.

पलीकडे माळ संपली. भाभींनी मान हलवली. निंबानं ड्रिल लावलं आणि दुसऱ्याच क्षणी भाभींचा आवाज रस्ता ओलांडून टपरीपर्यंत आला.

"थांबा! थांबा निंबाभाऊ! बंद करा ते!"

भिंतीतून मुंग्या निघत होत्या. दोन-चार नाही, शेकड्यांनी. आषाढात त्या जमिनीतून अंडी घेऊन वर चढतात आणि भिंतीच्या फटीत बिऱ्हाड करतात. त्या बाजूची सगळी भिंत त्यांनी भरली होती. निंबानं हातभर सरकून पुन्हा ठोकलं, भाभींनी पुन्हा माळ ओढली, पुन्हा ड्रिल लागलं, पुन्हा मुंग्या. निंबा हात झटकत खाली उतरला.

छगननं चहाचा घोट घेतला. इतका गोड चहा वनानं आजवर केला नव्हता.

अडचण काय आहे ते छगनला टपरीवर बसूनही कळत होतं, कारण हे घर त्याला स्वतःच्या घरापेक्षा जास्त ठाऊक होतं. वायर न्यायची होती पोटमाळ्यावर. मोहनशेठची नात पलक तिथं बसून पुण्याच्या कंपनीचं काम करायची. खालच्या मजल्यावरचं वायफाय वर पोचेपर्यंत दमून जायचं, आणि कंपनीनं सांगितलं होतं, सोमवारपासून नेट नीट चालणार नसेल तर पुण्याच्या ऑफिसात या. भाभींचा त्या पोरीत जीव. पोटमाळ्याच्या खिडकीला कबुतरांसाठी बारीक जाळी, ती कापू द्यायला मोहनशेठ तयार नव्हते. दारातून आणावी तर दार दाबून बसायचं, आणि काचेची वायर दारात चेचली की संपली. राहिली भिंत. आणि उद्या चौमासी चौदस. चौमासं लागलं की चार महिने त्या घरात भिंतीला खिळासुद्धा ठोकत नाहीत. म्हणजे आज संध्याकाळपर्यंत वायर आत गेली तर गेली, नाही तर पलक पुण्याला.

आणि यावरचा उपाय पिंप्राळ्यात एकट्या छगनला माहीत होता.

वीस-बावीस वर्षांपूर्वी पोटमाळ्यावर पत्रे काढून स्लॅब घातला, तेव्हा मागच्या भिंतीत त्यानं एक रिकामा पाइप पुरून ठेवला होता. पुढंमागं लागला तर असावा म्हणून. आतलं तोंड पोटमाळ्यातल्या जुन्या बोर्डाच्या डब्यात, बाहेरचं तोंड गिलाव्याखाली झाकलेलं, त्यावर तीनदा रंग बसलेला. ही गोष्ट तो टपरीवर वर्षातून चार-पाचदा तरी सांगायचा. "पुढनं देखनारा कारागीर पाहिजे," असं म्हणून सुरुवात करायचा आणि "टाकीपासून तीन ईत, डोया मिटीसन सापडाडी देसू," असं म्हणून संपवायचा. निंबाही कधीमधी त्या वेळी बाकावर असायचा. चहा प्यायचा आणि उठून जायचा.

"मंग सांग ना त्यास्ले पाइपनं," वना म्हणाला.

"इचारतीन तव्हय सांगसू," छगन म्हणाला आणि स्कूटरला किक मारून घरी गेला.

घरी त्याची बायको लताबाई भाकरी थापत होती. छगनच्या चेहऱ्यावरचा आनंद पाहून तिला आधी वाटलं, याला कुठलं मोठं काम मिळालं.

"आज लवकरच उनात तुम्ही."

"निंबा फसना. भलता फसना. भाभीनी भिंतमातून अशा मुंग्या निंघन्यात!" आणि छगननं सगळं सांगितलं, निंबानं हात कसा झटकला ते करूनसुद्धा दाखवलं.

लताबाईनं भाकरी उलटली. "मंग तुम्ही पाइपनं सांगं नही?"

"मी कसाले सांगू? ज्याले बलावं, त्यालेच इचारा म्हना."

"भाभीना फोन पहिले तुमलेच उना व्हता," लताबाई म्हणाली. "तुम्हीच सांगं, काचनी वायर मना काम नही."

हे खरं होतं, म्हणून छगनला जास्त राग आला. फोन आला होता. पण काचेची वायर जोडता येत नाही हे भाभींना सांगणं त्याच्या जिवावर आलं होतं, म्हणून त्यानं 'माझं काम नाही' असं तोऱ्यात सांगून टाकलं. मग त्यांनी निंबाला बोलावलं. यात वावगं काही नव्हतं. पण त्यानं हेवा कमी होत नाही. वाढतोच.

"ती पोर पुण्याले चालनी जाई," लताबाई म्हणाली. "म्हतारीना जीव त्या पोरमा शे."

"जाऊ दे. सगळा जग पुण्याले जास."

"निंबाभाऊनी तुमनं काय लिधं वं माय, माले एकदा समजू तरी द्या."

छगन ताटावरून अर्धा उठला, मग भूक होती म्हणून परत बसला. निंबानं त्याचं काय घेतलं ते त्याला सांगता आलं नसतं. चोरलं काहीच नव्हतं. पण छगनकडे जे जे होतं ते हळूहळू निंबाकडे जाऊन बसलं होतं, आणि निंबानं त्यासाठी एकदाही आवाज चढवला नव्हता. भांडला असता तर बरं झालं असतं. पाइप मात्र अजून छगनचा होता. ती एक गोष्ट निंबाकडे नव्हती. ती आपणहून नेऊन त्याच्या हातात ठेवायला छगन काही खुळा नव्हता.

चार वाजता दारात स्कूटी थांबली. पलक होती. घामेजलेली, ओढणी कमरेला बांधलेली.

"छगनकाका, घरी चला ना. दादी बोलावतेय. वायरचं काही जमेना."

"निंबा आहे ना तिथं," छगन पडल्या पडल्या म्हणाला.

"आहेत. पण दादी म्हणते, भिंत छगनभाऊंना माहीत आहे. चला ना काका, प्लीज. नाही तर मला परवा निघावं लागेल."

छगन उठला. लगेच नाही, थोडं थांबून उठला. आंघोळ केली. लग्नाकार्यात घालायचा इस्त्रीचा शर्ट काढला. लताबाई म्हणाली, भिंत फोडाले जाई ऱ्हायनात का सोयरीक जमाडाले? त्यानं जुनी हत्यारांची पिशवी खांद्याला लावली, आरशात पाहिलं आणि मग निघाला. पलकनं तोवर दारात उभं राहून चार वेळा घड्याळ पाहिलं होतं. थांबू दे. सकाळपासून तोही थांबला होता.

मोहनशेठच्या घरी मागच्या अंगणात निंबा पायरीवर बसला होता. डाव्या हातावर मुंग्या चावल्याचे लाल फोड होते. मशीनची पेटी बाजूला बंद होती.

"ये छगनभाऊ," तो सरकून जागा करत म्हणाला. "बठ जरासा."

"बसाले येळ नही," छगन म्हणाला.

भाभी खुर्चीत होत्या. चेहरा उतरलेला, हातात माळ. "बघा हो छगनभाऊ. सकाळपासून आठ माळा झाल्या. ज्या बाजूला हात लावावा तिथं बिचाऱ्यांची घरं. मुंगी झाली म्हणून काय झालं, तिलाही पोरंबाळं आहेत. पण माझी ही पोर..."

"भाभी, काळजी करू नका. भोक पाडायचंच नाही. भोक वीस वर्षांपूर्वी पाडलेलं आहे."

हे वाक्य त्यानं आंघोळ करताना जुळवलं होतं. परिणाम हवा तसाच झाला. भाभींनी डोळे मोठे केले. पलकनं "म्हणजे?" असं विचारलं. छगननं मग पाइपची गोष्ट सांगितली, टपरीवर सांगायचा तशीच, पण शुद्ध भाषेत. त्या वेळी कोणाला सुचलं नसतं पण मला सुचलं, वगैरे. निंबा आपल्या हातावरचे फोड बघत बसला होता. छगनचा एक डोळा त्याच्याकडेच होता. ऐक म्हणावं.

निंबाचीच शिडी लावून छगन वर चढला. मागच्या भिंतीला पाण्याची टाकी होती. टाकीच्या कडेपासून त्यानं हात ताणून तीन विती मोजल्या. तीनदा ठोकलं.

"एक माळ होऊ द्या भाभी. रिवाज तो रिवाज."

भाभींनी माळ ओढली. या वेळी छगनसाठी. तो शिडीवर उभा राहून खाली पाहत होता, आणि इतक्या वर्षांत प्रथमच त्याला वाटलं, माळ जरा लांबली तरी चालेल. भिंतीतून एकही मुंगी आली नाही.

त्यानं छिन्नी लावून अलगद गिलावा उडवला. आत वीट निघाली.

थोडं वर उडवलं. वीट. थोडं खाली. वीट. इस्त्रीच्या शर्टावर गिलाव्याची भुकटी बसली, बगला भिजल्या. टाकी तीच, भिंत तीच, आणि पाइप नाही. पलक खालून म्हणाली, "काका, नक्की इथंच ना?" डोळे मिटून सापडवून देणारा तो माणूस आता डोळे फाडून भिंत बघत होता. निंबाच्या समोर. हे जर आज चुकलं तर वनाच्या टपरीवर बसायला तोंड राहणार नव्हतं.

"टाकीपासून दोन ईत, आसंच सांगस ना तू?" निंबा खालून म्हणाला. सहज, बोलता बोलता म्हणावं तसं.

छगन आजवर तीन वीत सांगत आला होता. शंभरदा सांगितलं असेल, प्रत्येक वेळी तीन. पण त्या क्षणी बुडत्याला एवढा विचार कुठला. त्यानं वीतभर अलीकडे छिन्नी लावली. दुसऱ्याच घावाला गिलाव्याची खपली निघाली आणि पाइपचं गोल तोंड दिसलं. गोणपाटाचा बोळा कोंबून बंद केलेलं.

"मिळाला!" पलकनं टाळी वाजवली.

"मी म्हणत नव्हते?" भाभी खुर्चीतून उठून उभ्या राहिल्या. "आमच्या भिंतीला छगनभाऊंशिवाय कोणी ओळखत नाही."

सव्वीस वर्षं पुरलेलं वाक्य आज पुन्हा, आणि निंबाच्या तोंडावर. छगनची छाती भरून आली. त्यानं खाली निंबाकडे पाहिलं.

निंबा हसत होता. "खरं आहे भाभी," तो म्हणाला. "आम्हाला कुठलं सुचतंय एवढं."

छगननं बोळा ओढून काढला. बोळ्यामागोमाग एक पिवळी नायलॉनची दोरी आली. पाइप मोकळा सोडायचा असला की आतून दोरी ओवून ठेवतात, म्हणजे पुढं कधी वायर न्यायची झाली तर दोरीला बांधून पलीकडून ओढता येते. दोरी आत घसरू नये म्हणून तिच्या टोकाला एक मोठा खिळा आडवा बांधला होता. बाहेर आलेली दोरी जेमतेम बोटभर होती. खिळा सोडायचा आणि त्याच टोकाला वायर बांधायची, एवढंच काम. छगननं गाठीला नख लावलं.

गाठ सुटेना.

त्यानं अंगठा आणि बोट लावून पीळ फिरवला. गाठ सैल होण्याऐवजी आवळली. त्यानं ती जवळ घेऊन पाहिली. पीळ उलटा होता. फास उलटा होता.

छगन शिडीवर तसाच उभा राहिला.

एसटी. स्लॅबच्या कामाच्या त्या दिवशी भडगावची एसटी धरायची होती. लताबाईच्या भावाचं लग्न होतं. चार वाजले होते, आणि निंबा मागच्या भिंतीशी पाइपचा तुकडा घेऊन उकिडवा बसला होता. छगन त्याला म्हणाला होता, "कोन घाली तठे वायर? चाल, एसटी चुकी जाई." निंबा म्हणाला होता, "आज नही ते कव्हय तरी लागी. तू व्हय पुढे." आणि छगन पुढं झाला होता. लग्नात जेवताना त्यानं निंबाच्या पाइपची चेष्टाही केली होती. सगळं जागच्या जागी होतं. त्यानंतर कधी, कोणत्या साली, कितव्या चहाला तो पाइप त्याचा झाला, ते मात्र आठवत नव्हतं. त्यानं चोरला नव्हता. सांगता सांगता तो त्याचा झाला होता. त्याला तर सिमेंट कालवल्याचंसुद्धा आठवत होतं.

आणि निंबा बाकावर बसून ते ऐकत आला होता. चहा पीत.

"काय झालं काका?" पलक विचारत होती. ती पोटमाळ्याच्या जिन्यावर, आतून दोरी ओढायला तयार होऊन उभी होती.

काही नाही म्हणता आलं असतं. पकडीनं खिळ्यापाशी दोरी कापली असती तर तिचं टोक आत गेलं असतं, पण तोंडात बोट घालून ते परत ओढता आलं असतं कदाचित. कोणाला काही कळलं नसतं. निंबा बोलणार नव्हता. वीस वर्षं बोलला नाही, तो आज बोलणार होता का? वाक्य छगनचं राहिलं असतं, भिंत छगनची राहिली असती. पिशवीत पकड होती. छगनचा हात पिशवीत गेलासुद्धा.

त्याला निंबाचा आत्ता जेवढा हेवा वाटत होता तेवढा मशीन घेतलं तेव्हाही वाटला नव्हता. स्वतःची वस्तू दुसऱ्याला देऊन पायरीवर हसत बसता येणं, हे कुठल्या नाशकात शिकवतात?

त्यानं हात रिकामाच बाहेर काढला.

"निंबा, वर ये," तो म्हणाला. "हाई गाठ तुनी शे. माले सुटाव नही."

निंबा पायरीवरून उठला, पण पुढं आला नाही.

"काय म्हणाले?" भाभींनी विचारलं.

छगननं त्यांना कळेल असं सांगितलं. "पाइप निंबाचा आहे भाभी. त्यानं पुरला. मी तर नको म्हणालो होतो."

इतक्या वर्षांची गोष्ट दोन-तीन वाक्यांत संपली. छगन वाट बघत राहिला, आता काहीतरी होईल. भाभी काहीतरी बोलतील, रागावतील, हसतील.

भाभींनी मान वर करून उन्हाकडे पाहिलं. "बरं बरं. कोणाचा का असेना, लवकर घाला बाई ती वायर. सूर्य मावळायच्या आत तुम्ही दोघंही जेवून जा. पलक, दोन ताटं जास्त सांग खाली."

एवढंच. ज्या पाइपवर छगन वीस वर्षं जगला त्याचं त्या घराला एवढंच होतं. त्याला हसूही आलं आणि शिडीचा दांडा घट्ट धरावासाही वाटला.

पलक मात्र जिन्यावरच थांबली होती. "म्हणजे निंबाकाकांना ठाऊक होतं पाइप कुठं आहे ते? मग दुपारी तेच दादीला का म्हणाले, छगनभाऊंना बोलवा म्हणून?"

निंबा हातावरचा फोड चोळत उगाच टाकीकडे बघत राहिला. छगन एकेक पायरी करत खाली उतरला. खाली आल्यावर दोघं हातभर अंतरावर उभे होते.

"शर्ट भरी गया तुना," निंबा म्हणाला आणि डाव्या हातानं छगनच्या खांद्यावरची भुकटी झटकली.

"चढ आते," छगन म्हणाला. "येळ नको लावू."

निंबा वर चढला. त्यानं डावा हात गाठीला लावला, आणि जी गाठ छगनच्या नखांना दाद देत नव्हती ती दोन बोटांत सुटली. छगननं ते पाहिलं. तेही त्याच्या पोटात दुखलं. मग निंबानं खिशातून बारीक वायरचं टोक काढलं, दोरीला बांधलं आणि पोटमाळ्यात गेलेल्या पलकला हाक दिली, "ओढ बेटा, हळू." दोरी सरसर आत जायला लागली आणि तिच्यामागे वायर.

ॲल्युमिनियमची शिडी हलकी होती, फरशीवर सरकत होती. छगन पुढं झाला आणि ती दोन्ही हातांनी धरून उभा राहिला. इतक्या वर्षांत निंबाची शिडी त्यानं कधी धरली नव्हती, नेहमी निंबाच त्याची धरायचा. समोरच्या भिंतीतून उठलेल्या मुंग्या अंडी घेऊन आता या अंगणातून चालल्या होत्या. त्यांची रांग शिडीच्या पायाला वळसा घालून छगनच्या चपलेवरून, अंगठ्यावरून पलीकडे जात होती. एकदोन चावल्याही.

त्यानं पाय हलवला नाही.